मोजकेच प्रसिद्ध करावे: स्वतःच्या संगीतातून उत्तम तेवढे निवडण्याची पद्धत

ध्वनिमुद्रण लोकांपर्यंत पोहोचवण्याचा खर्च आज जवळजवळ शून्यावर आला आहे, आणि त्यामुळेच काय प्रसिद्ध करू नये हे ठरवण्याचे काम पूर्णपणे संगीतकाराच्या अंगावर येऊन पडले आहे. स्टुडिओचे भाडे, तबकड्या काढण्याचा खर्च आणि ध्वनिमुद्रण कंपनीत निवड करायला बसलेला माणूस या सर्वांची मिळून पूर्वी जी चाळणी होती, ती अनेकदा अन्यायकारक होती आणि कित्येक गुणी कलावंत तिच्यात अडकून राहिले. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्याबरोबर निवडीची गरजही संपली असा जो समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. बाहेरून कोणी निवडणारे उरले नसेल तर ते काम आपणच, आणि अधिक कठोरपणे, करायला हवे.

प्रथम आकडे नीट पाहावेत. संगीताच्या खपाची मोजणी करणाऱ्या ल्युमिनेट या कंपनीच्या अहवालानुसार २०२३ च्या अखेरीस स्ट्रीमिंग सेवांवर सुमारे १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणे होती, आणि त्यांपैकी सुमारे ४ कोटी ५६ लाख ध्वनिमुद्रणे त्या संपूर्ण वर्षात एकदाही वाजली नाहीत. २०२४ मध्ये दररोज सरासरी ९९,००० नवी ध्वनिमुद्रणे दाखल होत होती. डीझर या सेवेने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले की पूर्णतः कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली सुमारे १०,००० ध्वनिमुद्रणे तिच्याकडे रोज येतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत हा आकडा ३०,००० च्या वर गेला होता. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियमच केला की मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदला मिळणार नाही. या गर्दीत संख्येच्या बळावर टिकाव धरणे माणसाला शक्य नाही, कारण दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर राबून जितकी गाणी होतील, त्याहून अधिक गाणी यंत्र एका दिवसात सहज काढते.

तरीही नव्या संगीतकाराला सर्वाधिक मिळणारा सल्ला ‘सतत काहीतरी टाकत राहा’ हाच असतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवे ध्वनिमुद्रण आले की आपल्याला आधीपासून ऐकणाऱ्यांसमोर ते मांडले जाते, नाव विस्मरणात जात नाही, आणि नियमित वेळापत्रकामुळे हात चालू राहतो. पण हा सल्ला एक गोष्ट विसरतो: प्रसिद्ध केलेले ध्वनिमुद्रण मागे सरत नाही, ते शेजारी उभे राहते. स्ट्रीमिंग सेवेवर श्रोता तुमच्या रचना तुम्ही योजलेल्या क्रमाने ऐकत नाही. तीन वर्षांपूर्वीची घाईत उरकलेली रचना कुठल्याशा प्लेलिस्टमधून त्याच्या कानावर पडते आणि तीच त्याच्या लेखी तुमची पहिली, आणि बहुधा शेवटची, ओळख ठरते. म्हणून निवडीचा एकच प्रश्न मला सर्वांत खरा वाटतो: माझे दुसरे काहीही न ऐकलेल्या माणसाने केवळ ही एकच रचना ऐकली, तर ते मला चालेल का? या प्रश्नाला मनापासून ‘हो’ म्हणता येत नसेल, तर रचना कितीही मेहनतीने केलेली असली तरी ती थांबवावी.

घडवणे वेगळे, निवडणे वेगळे

कमी प्रसिद्ध करणे म्हणजे कमी घडवणे नव्हे. उलट निवडीला अर्थ यायचा असेल तर निवडण्याजोगे पुष्कळ हाताशी हवे. जर्मन संगीतकार ब्राम्सने आपली पहिली दोन तंतुवाद्य-चतुष्टके (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) १८७३ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा तो चाळिशीत होता, आणि त्यापूर्वी वीसेक चतुष्टके लिहून आपण नष्ट केल्याचे त्याने स्वतःच सांगितल्याची नोंद आहे. ऑस्ट्रियन संगीतकार वेबर्नच्या क्रमांकित रचना अवघ्या ३१ आहेत. तरुणपणी लिहिलेल्या बऱ्याच रचनांना त्याने क्रमांकच दिला नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर शाडे या वाद्यवृंदाने १९८४ ते २०१० या काळात सहाच स्टुडिओ अल्बम काढले आणि शेवटच्या दोहोंमध्ये दहा वर्षांचे अंतर ठेवले. ब्राम्ससारखे कागद जाळण्याची मात्र आज गरज नाही, आणि मी तसे सुचवणारही नाही. जे थांबवले ते जपून ठेवता येते, आणि त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

महत्त्वाचे हे की ज्या मनःस्थितीत रचना होते, त्याच मनःस्थितीत ती पारखू नये. रचताना ‘हे चांगले आहे का’ हा प्रश्न वारंवार विचारला तर हात आखडतो; पारखताना ‘यावर मी किती रात्री जागलो’ ही आठवण मध्ये आली तर न्याय बिघडतो. म्हणून रचना पुरी झाली की तिचा कच्चा मिक्स (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र करून काढलेला तात्पुरता नमुना) काढून ठेवावा आणि किमान तीन-चार आठवडे तो ऐकूच नये. या प्रतीक्षेमागे ठोस कारण आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ पुनःपुन्हा समोर आल्यानेही ती आवडू लागते. मिक्स करताना स्वतःचीच रचना शेकडो वेळा ऐकलेल्या माणसाला ती आवडते, यातून रचनेविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. कच्च्या मिक्समधली एखादी चूकसुद्धा सवयीने गोड वाटू लागते, हा अनुभव ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात सर्वांच्या परिचयाचा आहे.

कसे ऐकावे

आठवड्यांच्या विश्रांतीनंतर रचना ऐकायला बसताना पहिला नियम असा पाळावा की संगणकाचा पडदा समोर नसावा. ध्वनिलहरींची चित्रे आणि एकाखाली एक रचलेले ट्रॅक दिसत असले की पुढे काय येणार ते डोळे आधीच सांगतात, आणि कानाला आश्चर्य वाटण्याची संधीच उरत नाही. फाइल फोनवर घ्यावी, फोन पालथा ठेवावा आणि एकदाच, मध्ये न थांबवता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे. ऐकताना काहीही लिहू नये. संपल्यावर लगेच लिहावे: कोणत्या क्षणी लक्ष उडाले, कोणत्या क्षणी पुढचे ऐकण्याची ओढ वाटली, आणि आता डोक्यात काय घोळते आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर पहिल्या दोन उत्तरांना फारसे महत्त्व देऊ नये.

दुसरी फेरी तुलनेची असते. आपल्या आजवरच्या कामातील ज्या दोन-तीन रचना निःसंशय चांगल्या आहेत, त्यांच्या मध्ये नवी रचना ठेवून ऐकावी. इतरांच्या लोकप्रिय ध्वनिमुद्रणांशी तुलना मिक्सच्या समतोलासाठी उपयोगी असते, पण निवडीसाठी ती घातक ठरते, कारण त्यातून हळूहळू त्यांच्यासारखे वाटणे हाच निकष होऊन बसतो. तुलना करताना सर्व फायलींची ध्वनिपातळी आधी सारखी करून घेणे अत्यावश्यक आहे. किंचित मोठ्याने वाजणारी फाइल कानाला चांगली वाटते. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले त्याप्रमाणे आवाज लहान असताना कानाला खर्जाचे आणि अतितीव्र स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. ताज्या मिक्सवर मर्यादक (लिमिटर, म्हणजे ध्वनीची शिखरे दाबून एकूण आवाज वाढवू देणारे साधन) लावलेला असतो, जुना मिक्स साधा असतो, आणि ‘नवे अधिक जोरकस झाले आहे’ हा निष्कर्ष केवळ दोन-तीन डेसिबलच्या फरकातून निघालेला असतो. पातळी सारखी करून, शक्य असेल तर फायलींची नावे दुसऱ्या कोणाकडून बदलून घेऊन ऐकले, तर असे कितीतरी निष्कर्ष गळून पडतात.

तिसरी फेरी रचनेचा सांगाडा तपासण्याची. गीतप्रधान रचना असेल तर सगळा वाद्यमेळ बाजूला ठेवून ती केवळ एका वाद्याच्या साथीने गाऊन पाहावी. मुखडा तेव्हाही उभा राहतो का? अंतऱ्यावरून ध्रुवपदावर परत येताना आपोआप ओढ लागते का, की ती ओढ फक्त ढोलाच्या भरावाने निर्माण केली होती? चाल दुबळी असेल तर मिक्सिंगवर आणखी एक महिना घालवून ती सुधारत नाही, ही गोष्ट मान्य करणे अवघड जाते, पण ती जितक्या लवकर मान्य होईल तितका वेळ वाचतो. अर्थात ही कसोटी सर्व संगीताला लागू नाही. ज्या रचनेचा जीवच ध्वनीच्या पोतात आहे, ती एका वाद्यावर वाजवून पाहणे अन्यायाचे होईल. अशा रचनेसाठी मोनोमध्ये (डावा-उजवा भेद न ठेवता) आणि अगदी लहान आवाजात ऐकणे ही अधिक योग्य परीक्षा आहे. तेवढ्यातही तिचे वातावरण जाणवले, तर पोत खरोखर घडवलेला आहे. नाहीतर तो केवळ आवाजाचा विस्तार होता.

या सर्व फेऱ्यांत दोष शोधायचे असले तरी प्रत्येक दोष काढून टाकायचा नसतो. श्वास ऐकू येणे, एखादा स्वर किंचित सरकणे, ठेक्याच्या जराशा पुढे किंवा मागे पडलेला हात, या गोष्टी कित्येकदा रचनेची ओळख असतात, आणि त्यांना पुसून टाकणे हेच गर्दीत मिसळून जाण्याचे पहिले पाऊल असते. जो दोष ऐकणाऱ्याला रचनेबाहेर फेकतो तो दुरुस्त करावा, आणि जो केवळ तुम्हाला एकट्याला माहीत आहे तो राहू द्यावा.

अनुकरण ओळखण्याची रीत

अनुकरणाविषयी मला आग्रहाने काही सांगायचे आहे, कारण ते बहुतेकदा जाणूनबुजून होत नाही. कोणाची चाल उचलणारे लोक थोडे असतात. न ठरवता सर्वांसारखे होणारे असंख्य असतात. बहुतेक ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअर उघडले की मिनिटाला १२० ठोक्यांचा वेग आणि चार मात्रांचा ठेका आधीच मांडलेला असतो. जे लूप (पुनःपुन्हा वाजवायचे तयार तुकडे) घ्यावेत ते सॅम्पल पॅकमधून, म्हणजे तयार ध्वनींच्या संचातून, हजारो जणांनी घेतलेले असतात, कारण त्यांचा परवाना कोणा एकापुरता नसतो. सिंथेसायझरचा प्रीसेट (आधीच घडवून दिलेला नाद) निर्मात्याने आकर्षक वाटावा असाच बनवलेला असतो. एखाद्या प्रसिद्ध कलावंताचे नाव जोडून ‘त्याच्यासारखा बीट’ म्हणून विकण्याची पद्धत तर इतकी रुळली आहे की सारखेपणा हाच मालाचा गुण ठरला आहे. त्यात शिफारस करणारी यंत्रणा सारख्याशेजारी सारखेच मांडते, स्ट्रीम मोजला जाण्यासाठी स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले जावे लागते म्हणून सुरुवात एकाच पद्धतीने रचली जाऊ लागते, आणि छोट्या चित्रफितींसाठी तोडून घेता येईल असा पंधरा सेकंदांचा तुकडा आधी घडवून बाकीचे गाणे त्याभोवती भरले जाते. यांतली एकही गोष्ट एकटी दोषास्पद नाही. सगळ्या एकत्र आल्या की रचनेत निर्णय घेणारा माणूसच उरत नाही.

म्हणून पारखीच्या वेळी एक तक्ता करावा. रचनेचा वेग, ताल, कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची) साखळी, तालवाद्यांचा नाद, गायनाचा ढंग आणि त्यावरची प्रक्रिया, शब्दांचा विषय, भागांचा क्रम, लांबी अशा बाबी एकाखाली एक लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर ती कुठून आली हे खरेखरे नोंदवावे: मी ठरवले, सॉफ्टवेअरने दिले, अमुक ध्वनिमुद्रणातून घेतले, की ‘असेच असते’ म्हणून आले. शेवटचे उत्तर सर्वांत सावध करणारे आहे. सगळ्याच बाबी स्वतः ठरवलेल्या असाव्यात अशी अपेक्षा नाही. परंपरा आणि शैली यांचा अर्थच असा की बरेचसे उसने असते. पण रचनेच्या केंद्रस्थानी, म्हणजे ज्या गोष्टीमुळे ती ऐकावीशी वाटते तिथे, तुमचा निर्णय असलाच पाहिजे. मग तक्त्यातील उसन्या बाबींपैकी सर्वांत ठळक बाब काढून किंवा बदलून रचना पुन्हा ऐकावी. ती कोसळली, तर ती त्या उसन्या बाबीवरच उभी होती हे कळते. सॅम्पल पॅकमधला लूप जसाच्या तसा वापरण्यात व्यावहारिक धोकाही आहे: तोच लूप आधी वापरलेल्या कोणाच्या नोंदणीमुळे स्वयंचलित हक्क-तपासणीत तुमच्या रचनेवर दावा लागू शकतो, आणि परवाना खरा असूनही तो सिद्ध करण्यात आठवडे जातात.

अनुकरणाला एक सन्माननीय जागा आहे, आणि ती सरावाची. आवडत्या रचनेची हुबेहूब नक्कल करणे, तिचा वाद्यमेळ कानाने उतरवून काढणे, तिच्या मिक्सची रचना उलगडणे यांसारखे दुसरे शिक्षण नाही. ती नक्कल घरातच राहू द्यावी. आणि ज्याचे अनुकरण करावेसे वाटते त्याने स्वतः कोणाकडून घेतले होते, तिथपर्यंत मागे जावे. दोन-तीन पिढ्या मागचे आणि परस्परांपासून दूरचे स्रोत एका हातात आले की त्यांचे मिश्रण सहसा दुसऱ्या कोणासारखे होत नाही.

दुसऱ्यांचे कान

विश्वासातल्या तीन-चार माणसांना ऐकवणे पुरे आहे, परंतु ‘कसे वाटले?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर स्नेहातून येते. त्याऐवजी दोन किंवा तीन रचना एकत्र द्याव्यात आणि यातली एकच प्रसिद्ध करायची असेल तर कोणती, असे विचारावे. नकार देण्याची जबाबदारी त्यांच्यावर न टाकता पसंती मागितली की लोक खरे बोलतात. आठवड्याने पुन्हा विचारावे की कोणती रचना आठवते आहे. त्यांपैकी किमान एक जण असा असावा ज्याला ध्वनिमुद्रणातले काही कळत नाही, आणि एक असा ज्याला भरपूर कळते पण ज्याची आवड तुमच्याहून वेगळी आहे. दुरुस्तीच्या सूचना मात्र जशाच्या तशा पाळू नयेत. इथे काहीतरी खटकते असे एकाहून अधिक जणांनी म्हटले तर ते बहुधा बरोबर असते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय बरोबर असेलच असे नाही.

निकाल आणि मुदत

यानंतर प्रत्येक रचनेचा निकाल लेखी द्यावा: प्रसिद्ध करावी, एकदा दुरुस्त करून पुन्हा पारखावी, किंवा साठ्यात ठेवावी. दुरुस्तीची संधी एकदाच द्यावी, अन्यथा सगळा साठा ‘जवळजवळ तयार’ या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहतो. साठ्यात जाणाऱ्या रचनेचे वेगवेगळे ट्रॅक, वेग, स्वर आणि तारीख नोंदवून ठेवावी, आणि सोबत एक ओळ लिहावी: यातले काय जगवण्यासारखे आहे. फसलेल्या गाण्यातला अंतरा दुसऱ्या गाण्याचा मुखडा होतो, हे संगीतात नेहमी घडत आले आहे.

कठोर निवडीचा खरा धोका असा की ती काहीच प्रसिद्ध न करण्याचे निमित्त बनते. त्यावर उपाय म्हणजे मुदत. ठरावीक काळात, मग ते सहा महिने असोत किंवा वर्ष, जे झाले असेल त्यातील सर्वोत्तम ते प्रसिद्ध करायचेच असे आधी ठरवावे आणि ही तारीख दुसऱ्या कोणाला सांगून ठेवावी. सर्वोत्तम म्हणजे निर्दोष नव्हे. आजच्या तुमच्या कुवतीत जे सर्वांत खरे उतरले ते. दहा रचनांतून एक किंवा दोन निवडणे हे प्रमाण मला योग्य वाटते, आणि वर्षभरात एकच रचना निघाली तरी ती कमी आहे असे मानू नये. मधल्या काळात लोकांशी संबंध ठेवायचा असेल तर प्रत्यक्ष कार्यक्रम करावेत, सरावाचे तुकडे दाखवावेत, कच्च्या कल्पनांवर बोलावे. ते वाहून जाणारे असते आणि तसेच असावे. कायमच्या संग्रहात काय जाते, याबाबतच कडक राहावे.

प्रसिद्ध करताना आणि काढताना

निवडलेल्या मोजक्या रचनेला मग तिचा हक्काचा वेळ द्यावा. मास्टर (प्रसिद्धीसाठी तयार झालेली अंतिम प्रत) २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये जपावा. स्पॉटिफाय ऐकवताना ध्वनिपातळी साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आणते, त्यामुळे केवळ मोठा आवाज मिळवण्यासाठी रचना दाबून चपटी करण्यात काही लाभ नाही. सर्वोच्च शिखर मात्र उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावे. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी, म्हणजे तिच्या संपादकांनी निवडलेल्या याद्यांसाठी, प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी रचना सादर करावी लागते, म्हणून वितरकाकडे (स्ट्रीमिंग सेवांवर रचना पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) ती तीन-चार आठवडे आधी पोहोचवणे चांगले. गीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांची श्रेयनामे आणि गीताचे शब्द पूर्ण भरावेत.

आधी प्रसिद्ध झालेल्या दुबळ्या रचनांचे काय करावे, हा प्रश्न उरतो. ‘केवळ ही एकच रचना कोणी ऐकली तर चालेल का’ हा सुरुवातीचा प्रश्न त्यांनाही लावावा आणि ज्या उतरत नाहीत त्या काढून घेण्यास कचरू नये. मात्र ज्या कोणाच्या आवडत्या यादीत दिसतात, किंवा ज्यांत सहकलावंतांचे श्रेय आणि उत्पन्न गुंतले आहे, त्यांच्याबाबत आधी संबंधितांशी बोलावे, आणि आपल्याला आता न आवडणारी पण लोकांनी आपलीशी केलेली रचना राहू द्यावी. काढण्यापूर्वी मूळ फायली, नोंदी आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) जपून ठेवावा. तेच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या वितरकामार्फत परत आणायचे झाले तर तोच क्रमांक, तीच फाइल आणि तीच नोंद द्यावी, म्हणजे आधीची श्रवणसंख्या बहुधा त्याला पुन्हा जोडली जाते. नव्याने मिक्स किंवा ध्वनिमुद्रण केले असेल तर मात्र नवा क्रमांक घ्यावा.